बिनहाताची खुर्ची

लग्नात चेलो, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, वाजवायला बोलावणारे तीन गोष्टी विचारतात: काय वाजवणार, किती वेळ वाजवणार आणि किती घेणार. मी उलट एकच विचारते, "बिनहाताची खुर्ची आहे का?" फोनवर क्षणभर काहीच येत नाही. मग, "ताई, पाचशे खुर्च्या आहेत हो."

असतात. पाचशेच्या पाचशे हातांच्या. चेलो दोन गुडघ्यांत धरून वाजवायचा. गज सर्वांत जाड तारेवर आला की उजवा हात मांडीपाशी येतो, आणि तिथे खुर्चीचा हात आधीच ठाण मांडून असतो. शिवाय प्लॅस्टिकच्या खुर्चीची बैठक मागे उतरती, त्यामुळे बसणारा आपोआप रेलतो. पाहुण्यांनी खुशाल रेलावं, पण आम्हाला पुढच्या कडेवर ताठ बसावं लागतं, गुडघे कमरेपेक्षा जरा खाली ठेवून. त्याला साधारण ४५ सेंटिमीटर उंचीची, सपाट, न डुगडुगणारी खुर्ची लागते. कार्यालयाचे मॅनेजर काका फार मायेनं वधूवरांचं मखमली सिंहासन देऊ करतात. त्यात बसलं की गुडघे हनुवटीला लागतात. कामाची खुर्ची मिळालीच तर भोजनगृहात मिळते, लोखंडी, घडीची. ती पहिली पंगत बसायच्या आत उचलावी. एकदा मठ्ठा वाढला की खुर्ची सोडवून घेणं कोणाच्याही बापाला जमत नाही.

खुर्ची मिळाली की फरशी. चेलोच्या बुडातून एक लोखंडी अणी निघते, तिच्यावर सगळा भार. ही अणी लाकडात रुतते, संगमरवरावर घसरते. कार्यालयं संगमरवराचीच असतात. रबरी बूड लावता येतं, पण पॉलिश केलेल्या फरशीवर तेही हळूहळू निवडणुकीतल्या उमेदवारासारखं लोकांकडे सरकत जातं. खात्रीचा उपाय म्हणजे कमरेचा जुना चामडी पट्टा: बकलाचं टोक खुर्चीच्या पुढच्या पायात अडकवायचं आणि दुसऱ्या टोकाच्या भोकात अणी रोवायची. भोकं अनेक असल्यानं अंतर हवं तसं ठरवता येतं. स्टेजवर वेगळीच गंमत. तिथे गालिच्याखाली फळ्या असतात, आणि अणी नेमकी दोन फळ्यांच्या फटीत जाते. आहेर द्यायला रांग लागली की फळ्या हलतात आणि चेलो न वाजवता गुणगुणायला लागतो.

"पारंपरिक पोशाख हवा बरं का," हेही असतंच. सहावारीत चेलो वाजवता येत नाही. गुडघे पुरेसे दूर जात नाहीत. नऊवारीत मात्र उत्तम वाजतो, कासोटा असतो ना. फक्त मंगळसूत्र, तन्मणी आणि ब्रोच यांनी चेलोच्या पाठीवर ओरखडे पडतात, म्हणून पदर आणि लाकूड यांच्यामध्ये मऊ सुती कापड हवं. बांगड्या डाव्या हातातून काढायच्या, नाहीतर प्रत्येक सुराला टाळ मिळतो. (शेरवानीची बटणं याहून वाईट. पुरुष वादकांनी ती उघडी ठेवावीत.)

गोव्यातल्या चर्चच्या लग्नांत यातलं निम्मं सुटतं. तिथे साध्या लाकडी खुर्च्या असतात, आणि लोकांना वाद्याचं नाव माहीत असतं. अडचण वधूच्या चालण्याची. ती दारापासून वेदीपर्यंत किती वेळात पोचेल हे कोणीच सांगू शकत नाही, वाटेत मावशीनं मिठी मारली तर नाहीच नाही. म्हणून कुठेही थांबवता येईल अशी रचना निवडायची. पाखेलबेल या जर्मन संगीतकाराचा 'कॅनन' त्यासाठीच लोकप्रिय असावा, असा माझा संशय आहे. खाली आठ सुरांची एक ओळ फिरत राहते, दर दोन मात्राखंडांनी संपते आणि तिथे सभ्यपणे उतरता येतं. मूळ रचनेत चेलोला हेच आठ सूर २८ वेळा वाजवावे लागतात आणि बाकी सगळी मजा तीन व्हायोलिनं मारतात. एकट्यानं वाजवायचं असेल तर ती मजा आपल्याला मिळते, हा एकल वादनाचा मोठा फायदा.

आपल्याकडे मंगलाष्टकं. 'साथ करा' म्हणतात. प्रत्येक ओळीत १९ अक्षरं, १२ नंतर यती, शार्दूलविक्रीडित. वृत्ताबद्दल तक्रार नाही. पण पहिलं कडवं गुरुजी पेटीच्या पांढरी एक पट्टीत उचलतात, दुसरं आत्या काळी चारमध्ये, तिसरं वराची बहीण रडत रडत, म्हणजे काळी चार आणि पांढरी पाच यांच्या मधे कुठेतरी. चेलोच्या सुट्या तारा पांढरी एक, पाच, दोन आणि सहा. काळी चारचा सा त्यातल्या एकीवरही नाही. म्हणून मी आता सूर धरायला जात नाही. कडवं सुरू झालं की पहिली पाच-सहा अक्षरं ऐकायची, सा शोधायचा, त्यावर एकच लांब गज ओढत राहायचा आणि 'सावधान'ला थांबायचं. पाहुण्यांना ते फार भारदस्त वाटतं.

'सावधान' हा शब्द खरं तर आमच्यासाठीच. चेलोच्या पुढच्या फळीवर इंग्रजी एफच्या आकाराची दोन भोकं असतात, तांदळाचा दाणा सहज जाईल एवढी रुंद, आणि अक्षता आठ कडव्यांना आठ वेळा येतात. आत गेलेला दाणा ठरावीक सुरांवर झणझणतो. म्हणून दोन्ही भोकांत स्पंजचे तुकडे बसवायचे. आवाज किंचित दबतो, पण साउंडवाला दादा माइक ज्या जोशात उघडतो ते पाहता बरंच. स्पीकरची शीळही त्यानं कमी होते. कुंकवाचा ओला थेंब व्हार्निशवर पडला तर लगेच कोरड्या मऊ कापडानं टिपायचा. स्पिरिट नको, त्यानं व्हार्निशच विरघळतं.

तरी दाणा गेलाच, तर घरी आणून दोघांनी चेलो पालथा धरायचा आणि हळूहळू झुलवत दाणा भोकाकडे आणायचा. दाणा निघेना म्हणून सगळ्या तारा सैल करायच्या नाहीत. आत साउंडपोस्ट नावाची लाकडी काडी असते. ती चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानं दोन फळ्यांमध्ये उभी राहते. ती पडली की कारागिराकडे जाणं आलं. कारागीर हसतो, कारण व्हायोलिनच्या पोटातली धूळ काढायला तो स्वतःच कोमट कोरडे तांदूळ आत घालून हलवतो. तांदळाला त्याचा आक्षेप नाही, तो फक्त विचारतो की हळद का लावली.

माझ्या चेलोच्या खालच्या कोपऱ्यात एक दाणा कायमचा अडकलाय. तो फक्त काळी दोनवर वाजतो. त्यामुळे हल्ली बोलणी करताना खुर्चीनंतर मी दुसरा प्रश्न विचारते: वरमाय कोणत्या पट्टीत गातात?