बँडीचं जागतिक अजिंक्यपद नावापुरतंच?

बँडी म्हणजे बर्फावर स्केट्स घालून, स्टिकने चेंडू मारत खेळायचा खेळ. त्याच्या पुरुषांच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेची टर उडवणारा मजकूर बराच फिरतोय. म्हणणं असं: हा खेळ म्हणजे मोठ्या मैदानावरची आइस हॉकी, खेळणारे देश जेमतेम चार, जिंकणार कायम रशिया आणि आकडा फुगवायला सोमालिया. पुरावा म्हणून आपल्याच जाळ्यात चेंडू मारणाऱ्या खेळाडूंचा व्हिडिओ.

आधी तो व्हिडिओच घेऊ. स्वयंगोल खरे आहेत, आणि एक-दोन नाहीत, चांगले २०! पण सामना जागतिक स्पर्धेतला नाहीच. २०१७च्या फेब्रुवारीत रशियाच्या देशांतर्गत लीगमध्ये अर्खांगेल्स्कचा वोद्निक आणि इर्कुत्स्कचा बायकाल-एनर्गिया हे क्लब समोरासमोर होते. बाद फेरीत सोपा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून दोघांनाही हरायचं होतं. निकाल ११-९, सगळे गोल स्वतःवरच. शरमेची गोष्ट, वादच नाही. तो निकाल रद्द झाला, प्रशिक्षकांवर बंदीही आली. पण एखाद्या रणजी सामन्यात लबाडी झाली म्हणून क्रिकेटचा वर्ल्ड कप कुणी खोटा ठरवतं का?

आइस हॉकी म्हणणाऱ्यांनी एक सामना बघावाच. इथे चकती नाही, चेंडू असतो. अकरा-अकरा खेळाडू, ४५ मिनिटांची दोन सत्रं, फुटबॉलएवढं मैदान, ऑफसाइड आणि कॉर्नरसकट. गोलरक्षकाकडे स्टिकच नसते. साडेतीन मीटर रुंद गोल तो हातापायांनी सांभाळतो. कडेची फळी जेमतेम १५ सेंटीमीटर उंच, त्यामुळे माणसाला भिंतीवर आपटण्याची हॉकीतली हौस इथे भागत नाही.

चार देशांचं म्हणाल, तर १९५७ला हेलसिंकीत पहिली स्पर्धा झाली तेव्हा तीनच होते: सोव्हिएत संघ, फिनलंड, स्वीडन. २०१६ला रशियातल्या उल्यानोव्स्कमध्ये १८ संघ उतरले. वरचे मोजके संघ आणि बाकीचे यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मात्र मान्य. त्यात नवल नाही. फुटबॉलच्या मैदानाएवढा बर्फ एक तर कडाक्याच्या थंडीने द्यावा लागतो, नाहीतर भरपूर पैसे मोजून गोठवावा लागतो.

कायम रशिया? १९५७ ते १९७९ या काळातल्या अकराही स्पर्धा सोव्हिएत संघाने जिंकल्या, हे खरं. ती साखळी स्वीडनने १९८१ला तोडली, तीही सोव्हिएत संघातल्याच खबारोव्स्क शहरात जाऊन. २००४ला फिनलंडने अंतिम सामन्यात रशियाला ५-४ असं हरवलं. मक्तेदारी आहे, पण ती रशिया आणि स्वीडन या दोघांची, आणि तिला एकदा का होईना तडा गेलाय.

सोमालियावरची थट्टा मात्र मला मुळीच पटत नाही. तो संघ स्वीडनमधल्या बोर्लेंगे गावात उभा राहिला. आसरा शोधत आलेली तरुण मुलं. स्केट्सवर पाय ठेवण्यापासून सुरुवात. प्रशिक्षक पेर फोसहाउग, स्वतः स्वीडनचा नावाजलेला खेळाडू. २०१४ला हा संघ इर्कुत्स्कला उतरला आणि सपाटून हरला. हरणारच होता. स्पर्धेत खालचा गट असतो तो अशाच नवख्या संघांसाठी.

नावच ठेवायचं तर वेगळ्या ठिकाणी ठेवा. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर २०२२ला रशियाला स्पर्धेबाहेर काढलं गेलं. २०२३ आणि २०२४ची विजेतेपदं स्वीडनने सर्वांत तगडा प्रतिस्पर्धी समोर नसताना मिळवली. त्यांची किंमत किती धरायची, यावर वाद घालायला माझी ना नाही.