म्हणे, पापणी आपोआप उघडते!

परवा मामींनी घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला: ‘बाळाची पापणी जन्मतः पडलेली? घाबरू नका.’ खाली पाच मुद्दे आणि शेवटी ‘दहा जणांना पाठवा’. असले मेसेज मी वाचतही नाही. पण हा वाचून माझ्या मावसबहिणीने नऊ महिन्यांच्या लेकीची डोळ्यांच्या डॉक्टरांकडची वेळ रद्द केली. तिचं घर दांडिया बाजारात, माझ्यापासून दोन गल्ल्यांवर. तसाच उठून गेलो.

गरोदरपणी आईने ग्रहण पाहिलं म्हणून पापणी पडते, हा पहिला मुद्दा. पुढे चला.

‘बारा वर्षांपर्यंत डॉक्टर नको, स्नायू आपोआप जोर धरतो.’ संताप झाला तो याच्यावर. पापणी उचलणारा स्नायूच अशा बाळांत नीट घडलेला नसतो. त्याच्या जागी तंतू आणि चरबी असते. ती जोर कुठून धरणार? आणि पापणी बाहुलीवर आली तर खरं नुकसान मेंदूत होतं. ह्यूबेल आणि वीझेल या दोघा शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात मांजरीच्या पिल्लांची एक पापणी काही आठवडे शिवून ठेवली. टाके काढले तेव्हा डोळा धड होता, पण मेंदूतल्या पेशी त्याला जवळजवळ दादच देईनात. मोठ्या मांजरावर हाच प्रयोग केला तर काही बिघडलं नाही. म्हणजे बघायला शिकण्याचं एक वय असतं. या कामाला १९८१ साली नोबेल मिळालं. माणसाच्या मुलात ते वय साधारण सात-आठ वर्षांपर्यंत. बाराव्या वर्षी पापणी वर बांधून देतील हो, दिसणार किती?

आमची चिमणी हनुवटी वर करून बघते. घरात सगळे कौतुकाने म्हणायचे, ‘काय ऐट आहे!’ ऐट कसली, पापणीखालून बघायची धडपड आहे ती.

‘थांबा’ म्हणतात त्यात अर्धं खरं आहे, तेवढं कबूल करतो. बाहुली उघडी असेल, नजर ठीक असेल, तर सर्जनही तीन ते पाच वर्षांपर्यंत थांबतात. पण मधून मधून तपासत.

‘दूध पिताना पापणी उडते, म्हणजे ती बरी होतेय.’ नाही. जबड्याच्या मज्जातंतूचा धागा चुकून पापणीच्या स्नायूला जोडला गेलेला असतो. मार्कस गन या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १८८३ सालीच हे नोंदवलंय.

‘दोष आईच्या घराण्याचा.’ हे वाचून बिचारी रडली. बहुतेक वेळा घरात आधी कुणालाच काही नसतं. ब्लेफरोफायमोसिस नावाचा एक प्रकार मात्र आनुवंशिक आहे: डोळ्यांच्या फटी आखूड, दोन्ही पापण्या पडलेल्या. त्याचा जीन २००१ साली सापडला. त्या जीनमधला बदल आईत असो वा बापात, प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. आणि त्यातल्या एका उपप्रकारात बायकांचे बीजांडकोश लवकर थकतात, मूल होणं अवघड होतं, म्हणून तो पुढे जातो तो बहुधा बापाकडूनच! हे मी मामींच्या देखत मोठ्याने सांगितलं. भाऊजी तेवढ्यात पाणी प्यायला आत गेले.

बुधवारची वेळ पुन्हा घेतली आहे. राहिला पाचवा मुद्दा, पापणीला एरंडेल चोळायचा. ‘तेवढं तरी करू ना?’ मामींनी विचारलं. म्हटलं, चोळा, पण तुमच्या गुडघ्यांना.