‘रक्त निघालं ना, मग काही नाही होत’

रिंग रोडवर गाडी घसरून कुणी पडलं, की आमच्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो: ‘डोक्यातून रक्त निघालं म्हणजे आत रक्ताची गाठ होत नाही. जखमीला झोपू देऊ नका, पाणी पाजा, ऑटोत टाकून जवळच्या दवाखान्यात न्या.’ चारही गोष्टी चूक.

आधी रक्ताचं. डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्या दाट, म्हणून जराशा जखमेनंही शर्ट भिजतो. कवटीच्या आतला रक्तस्राव वेगळा. कानशिलाचं पातळ हाड तडकलं तर त्याला आतून लागून असलेली धमनी फाटू शकते. माणूस थोडा वेळ बेशुद्ध पडतो, मग उठून बसतो, घरी फोन लावतो, ‘गाडी कुठंय माझी?’ विचारतो. लोक पांगतात. काही तासांनी डोकं ठणकतं, उलट्या होतात, गुंगी चढते, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसते. मधला तो बरा काळच घात करतो. वेळेत सीटी स्कॅन होऊन गाठ काढली, तर हाच माणूस पुन्हा कामावर जाऊ शकतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारे आजोबा बाथरूममध्ये पडले, तर आत रक्त हळूहळू साचतं आणि कधी चालणं बिघडतं तेच तीन आठवड्यांनी. घरचे म्हणतात, वय झालं.

झोपेनं गाठ वाढत नाही. हलवूनही जाग न येणं हे मात्र धोक्याचं लक्षण. गालावर चापट्या मारण्यापेक्षा बघा: डोळे उघडतो का, नीट बोलतो का, सांगितल्यावर हात उचलतो का. 1974 पासून डॉक्टर याच तीन गोष्टी तपासतात; आता त्यांना मिळून 3 ते 15 गुण देतात. ते घसरताहेत का, हे बघायचं.

पाणी? ठसका लागून श्वासनळीत जातं, शिवाय ऑपरेशनला पोट रिकामं लागतं. पाजू नका.

ऑटोचा सल्ला सगळ्यात वाईट. मणका मोडला तरी आतला मज्जारज्जू शाबूत असू शकतो. बगलेत आणि पायांना धरून सीटवर कोंबलं, की तोही जातो. मान दुखते, मुंग्या येतात, पाय हलत नाही, किंवा शुद्धच नाही, तर मणका मोडलाय असंच धरा. डोकं दोन्ही हातांनी स्थिर ठेवा. उलटी झाली तर तीन-चार जणांनी ओंडक्यासारखं अख्खं अंग एकदम कुशीवर वळवा. श्वास अडत नसेल तर हेल्मेट ओढू नका. 108 ची अ‍ॅम्ब्युलन्स फुकट आहे, आणि ‘जवळचा’ दवाखाना म्हणजे जिथे सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन आहे तो. नागपुरात मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, ट्रॉमा सेंटर (अपघातातल्या जखमींसाठीचा विभाग) आहे.

‘पोलिसांचं लफडं लागेल’ म्हणणाऱ्यांसाठी: 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आलं. मदत करणाऱ्याला नाव सांगायचीही सक्ती नाही.