किलोओम बघून पिकअप घेणाऱ्यांसाठी

‘हेवी टोन हवाय? जास्त किलोओमचा पिकअप टाक. अ‍ॅम्पचा गेन नुसता आवाज वाढवतो, खरं डिस्टॉर्शन पिकअपातूनच येतं.’ इलेक्ट्रिक गिटारवाल्यांत हा सल्ला कायम फिरत असतो. (पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखालचा, चुंबक आणि तारेच्या गुंडाळीचा भाग; तो तारांचं कंपन विद्युत संकेतात बदलतो. अ‍ॅम्प म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, गेन म्हणजे त्यात संकेत किती वाढवायचा ते ठरवणारं बटण, आणि डिस्टॉर्शन म्हणजे रॉकमधला तो खरखरीत, फाटलेला आवाज.) त्यात तीन दावे आहेत. पहिले दोन चूक आहेत, तिसरा अर्धाच खरा आहे.

‘जास्त किलोओम म्हणजे जास्त आउटपुट.’ हा आकडा म्हणजे गुंडाळीच्या तारेचा रोध. वेढे वाढवले की तो वाढतो, पण वेढे तेवढेच ठेवून ४२ ऐवजी ४३ गेजची (जाडीच्या मापाची) बारीक तार वापरली तरी वाढतो, आणि तेव्हा आउटपुट जवळपास आहे तिथेच राहतं. चुंबक किती जोरदार आहे आणि गिटारच्या तारांपासून किती लांब आहे, हे मल्टिमीटरला कुठून कळणार?

‘गेन नुसता आवाज वाढवतो.’ क्लीन (स्वच्छ आवाजाच्या) चॅनेलवर तसं वाटतं खरं. पण अ‍ॅम्पमधल्या ट्यूबची, म्हणजे संकेत वाढवणाऱ्या काचेच्या नळीची, मर्यादा ओलांडली की लहरींचे माथे छाटले जातात; यालाच क्लिपिंग म्हणतात. मग गेन वाढवून आवाज फारसा वाढत नाही. वाढतात ते सस्टेन आणि खरखर, आणि हलका-जोरदार आघात यांतला फरक पुसला जातो.

‘डिस्टॉर्शन पिकअपातून येतं.’ पिकअपचं आउटपुट दुप्पट केलं तर ६ डेसिबल मिळतात. हाय-गेन अ‍ॅम्पमध्ये एकामागे एक अनेक ट्यूब-टप्पे असतात. तिथे एवढी भर गेनचं बटण थोडं फिरवून निघते. मास्टर व्हॉल्यूम (शेवटचा आवाज वेगळा ठरवणारं बटण) नसलेल्या, मोजक्या टप्प्यांच्या जुन्या अ‍ॅम्पवर मात्र तगडा पिकअप खरंच उपयोगी पडतो, कारण तिथे पहिल्या ट्यूबला ढकलायला दुसरं काही नसतं. सल्ल्यात एवढंच तथ्य.

मग पिकअप बदलल्यावर टोन बदलतो तो का? वेढे वाढले की गुंडाळीचा इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला विरोध करण्याचा गुण, मोजतात हेन्रीत) वाढतो. केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता, मोजतात फॅरडमध्ये) त्याला जोडली जाते आणि दोघं मिळून एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला उठाव देतात. त्यापुढचं ट्रेबल झपाट्याने गळतं. केबल ६०० पिकोफॅरडची धरा. २.४ हेन्रीच्या सिंगल-कॉइलला (एका गुंडाळीच्या पिकअपला) हा उठाव सुमारे ४,२०० हर्ट्झला येतो, ८ हेन्रीच्या हंबकरला (दोन गुंडाळ्यांच्या पिकअपला) २,३०० च्या आसपास. म्हणून ‘हॉट’, म्हणजे जास्त वेढ्यांचा, पिकअप जाड आणि मिडभरला (मधल्या सुरांनी भरलेला) वाटतो. वर हा मिडचा लोंढा क्लिपिंगच्या आधी आत शिरतो, त्यामुळे अ‍ॅम्पचं ट्रेबल नंतर वाढवून हिशेब पुरता जुळत नाही. खर्जाच्या तारांवर भरगच्च कॉर्ड वाजवली की सूर एकमेकांत कालवले जातात. कमी आउटपुटचा पिकअप आणि थोडा जास्त गेन लावून तीच कॉर्ड वाजवा, प्रत्येक तार सुटी ऐकू येईल. अर्थात गेनबरोबर सिंगल-कॉइलची घरघरही वाढेल, ती सोसावी लागते.

पैसे मोजण्याआधी स्क्रूड्रायव्हर घ्या. पिकअप तारांजवळ सरकवला की आउटपुट फुकटात वाढतं. सिंगल-कॉइल मात्र फार वर घेऊ नका; त्याची दांडीसारखी चुंबकं तारांना ओढतात आणि वरच्या फ्रेटवर जाड तारा डगमगत, बेसूर वाजू लागतात.