नाकावरचा तीळ, बिब्बा आणि तो फॉरवर्ड

आमच्या इंदूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो मेसेज परत आला, तुम्हालाही आला असेलच. स्किन कॅन्सर म्हटला की आठ दिवसांत ऑपरेशन करा नाहीतर फुप्फुसात जातो, बायोप्सी करू नका सुई लागली की पसरतो, त्यापेक्षा बिब्ब्याचं तेल लावा गाठ गळून पडते, आणि तसंही हा गोऱ्या लोकांचा आजार. आता बायोप्सीच नको तर ऑपरेशन कशाचं करायचं, हे त्या लिहिणाऱ्यालाच माहीत.

शेवटचं आधी घेतो. आमचे बाबा चांगले सावळे, चाळीस वर्षं सायकलवर उन्हातान्हात सियागंज ते राजवाडा केलेले. चष्मा टेकतो तिथंच नाकावर काळा, चमकदार कडेचा ठिपका आला. तोंड पुसलं की नॅपकिनवर रक्ताचा थेंब, मग खपली, खपली पडली की परत थेंब. आम्ही सात-आठ महिने चष्म्याला दोष देत राहिलो, नोज पॅड दोनदा बदलले! निघाला बेसल सेल कार्सिनोमा, स्किन कॅन्सरचाच एक सावकाश वाढणारा प्रकार. गोऱ्यांमध्ये जास्त होतो हे खरं, पण आपल्याला होतच नाही असं नाही, आणि आपल्या कातडीवर तो बरेचदा काळाच दिसतो म्हणून तीळ समजून सोडून देतात.

आठ दिवसांचं म्हणाल तर हा कॅन्सर महिने-वर्षं घेत वाढतो, दुसऱ्या अवयवात जाणं फारच दुर्मिळ, तारीख तीन-चार आठवड्यांनी मिळाली तर रडत बसू नका. पण म्हणून दिवाळीनंतर बघू, मग होळीनंतर बघू, असंही नको. जागच्या जागी तो खात जातो, जुने डॉक्टर याला रोडेंट अल्सर म्हणायचे, उंदीर कुरतडतो तसा. डोळा, नाक, कानाजवळ असेल तर लवकर जा. मेलानोमा, म्हणजे लवकर पसरणारा दुसरा स्किन कॅन्सर, असेल तर गोष्टच वेगळी, तिथं खरंच घाई लागते, आणि दोन्हीतला फरक पक्का कळतो बायोप्सीनंच. तेवढीच जागा बधिर करून छोटासा तुकडा घेतात, त्यानं हा पसरत नाही.

ऑपरेशन एके ऑपरेशन असंही नाही. वरवरचा असेल तर कधीकधी इमिक्विमॉड क्रीम सहा आठवडे लावतात, फार म्हाताऱ्या माणसाला रेडिएशन देतात. लहान असेल तर साधारण 4 मिलिमीटर चांगली कातडी धरून कापतात. नाकावर तेवढी कातडी आणायची कुठून, म्हणून मोह्स सर्जरी, एक पातळ थर काढला की लगेच मायक्रोस्कोपखाली बघायचा, जिथं उरलाय तिथलाच पुढचा थर काढायचा. पहिल्यांदाच झालेल्या गाठीत पाच वर्षांत परत न येण्याचं प्रमाण 99 टक्क्यांच्या आसपास आहे.

राहिला बिब्बा. आत्यानं तो सुईला टोचून दिव्यावर धरलाही होता, काळं तेल टपटप वाटीत. ते कातडी जाळतं, वर खपली धरते, बरं झाल्यासारखं वाटतं आणि खाली मूळ तसंच वाढत राहतं, तेही डोळ्यापासून दोन बोटांवर. मी वाटी उचलून मोरीत ओतली, आत्या दोन दिवस बोलली नाही.

टाके निघाले त्याच संध्याकाळी बाबा नाकावर पट्टी लावून सराफ्यात भुट्ट्याचा कीस खायला. एकदा झाला की दुसरीकडेही होऊ शकतो म्हणून दर सहा महिन्यांनी कान-मान-पाठ दाखवायला जातो, आणि आता टोपी घाला म्हणून मागे लागावं लागतं.