कव्हय शे तारीख?

माझ्या फाइलीत बाळंतपणाच्या चार तारखा आहेत: 29 एप्रिल, 7 मे, 4 मे आणि 18 मे. सगळ्या छापील, सही-शिक्क्यासकट. पोटात बाळ मात्र एकच आहे. त्याबाबतीत तरी सगळ्या सोनोग्राफ्यांचं एकमत झालं, हे नशीब.

पहिली तारीख पाळीवरची. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस मिळवायचे, तीन महिने मागं जायचं, की पुढच्या वर्षीची तारीख मिळते. फ्रान्झ नेगेले नावाच्या जर्मन डॉक्टरांच्या नावानं हा हिशोब 200 वर्षं चालत आलाय. माझी पाळी 22 जुलैची, म्हणून 29 एप्रिल. साधारण 280 दिवस, म्हणजे 40 आठवडे. यातले पहिले दोन आठवडे बाई गरोदर नसतेच, तरी ते मोजणीत धरतात. शिवाय हा हिशोब 28 दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचा. माझी येते 35 दिवसांनी, पण नेगेलेसाहेबांना कोण सांगणार?

म्हणून पहिल्या सोनोग्राफीत डॉक्टरांनी बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजली आणि 7 मे ही तारीख काढली. लाल पेनानं गोल केला आणि म्हणाल्या, "हीच धरायची. पुढच्या रिपोर्टात काहीही आलं तरी ही बदलायची नाही." पहिल्या तीन महिन्यांतलं माप पाच-सात दिवसांच्या फरकानं बरोबर येतं, शेवटच्या तीन महिन्यांतलं मात्र तीन आठवडे इकडं-तिकडं होऊ शकतं, हेही त्यांनी सांगितलं. मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. ऐकलं कुणीच नाही.

कारण आमच्या घरात नवा कागद आला की जुना रद्द. सातबारा असो की रेशनकार्ड, ताजा उतारा तोच खरा. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत 4 मे आली, तेव्हा आईनं नव्या तारखेप्रमाणं कामवालीला सांगून ठेवलं. आठव्या महिन्यात 18 मे आली आणि माझ्या माहेराहून, चोपडा गावातून, धुळ्यापर्यंत फोन गेले, "तारीख पुढं गेली बरं का!" एसटीची गाडी रद्द झाल्यासारख्या सुरात.

मी डॉक्टरांना विचारलं, तारीख पुढं कशी गेली? त्या म्हणाल्या, "तारीख कुठंच गेली नाही. मशीन डोकं, पोट, मांडीचं हाड मोजतं आणि एवढ्या मापाचं बाळ सरासरी किती आठवड्यांचं असतं ते छापतं. तुमचं बाळ थोडं बारीक आहे, म्हणून मशीनला ते लहान वाटलं." म्हणजे मी तब्येतीनं किरकोळ, नवरा किरकोळ, आणि त्याचा दंड म्हणून 11 दिवस जास्त. बरं, या मशीनचं मूळ पाहावं तर स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे डॉक्टर इयन डोनाल्ड यांनी लोखंडातल्या भेगा शोधायच्या यंत्रावरून प्रयोग सुरू केले आणि 1958 साली पोटातल्या बाळाची चित्रं छापली. त्या यंत्राकडून जन्मवेळेची अपेक्षा करणं जरा जास्तच.

घरात हे सगळं बरोबर समजलं ते फक्त आप्पांना, आणि तेही केळीमुळं. "एकाच दिवशी लावलेली केळीची टिश्यूची, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेली रोपं," आप्पा पायरीवर बसून सांगायला लागले, "दोन महिन्यांची असताना दाखव, मी लावणीचा आठवडा सांगतो. सगळी एकसारखी असतात. पण दहाव्या महिन्यात एखादं खोड हत्तीच्या पायासारखं झालेलं असतं आणि शेजारचं मनगटाएवढं. एक आधी निसवतं, म्हणजे घड टाकतं, एक मागून. तेव्हा खोड बघून लावण कोण सांगेल?" डॉक्टरांनी इंग्रजी शब्द वापरून समजावलेलं आप्पांनी तंबाखू मळता मळता संपवलं. पुढं मात्र ते पाण्याच्या पाळीवर गेले आणि तिथून विजेच्या बिलावर, त्यामुळं आईनं त्यांना आत बोलावलं.

खरा कहर झाला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. यंदा, 2025 साली, आखाजी 30 एप्रिलला, म्हणजे माझ्या पहिल्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी. खानदेशात आखाजीला गल्लीतल्या सगळ्या लेकी माहेरी येतात. एरवी त्या गौराई, झोके, रस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या यांसाठी येतात. यंदा त्या मला बघायला आल्या. चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात मी कूलरसमोर पाय पसरून बसलेली, आणि दारातून एकेक विचारते, "कव्हय शे तारीख?" म्हणजे, कधी आहे तारीख? मी 7 मे म्हणायची. मग ती माझ्या पोटाकडं बघून मान हलवायची. "इतक्या दिवसांचं वाटत नाही." दुसरी म्हणायची, "आज रात्रीच होणार, पोट खाली उतरलंय." तिसरीची सोनोग्राफी चुकली होती, चौथीची बरोबर निघाली होती, आणि पाचवीला तिच्या सासूनं तारखेच्या दिवशी झाडू मारायला लावून बरोबर त्याच रात्री दवाखान्यात पोचवलं होतं. तारखेच्याच दिवशी 100 बायांमागं जेमतेम चार-पाच बाळंत होतात, पण त्या चार-पाच बहुधा आमच्याच गल्लीतल्या असाव्यात. एका मावशीनं तर रिपोर्ट हातात घेऊन, "यात मुलगा का मुलगी ते कुठं लिहिलंय?" असं हळूच विचारलं. दवाखान्याच्या भिंतीवर केवढा मोठा बोर्ड आहे, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो मावशी तीनदा वाचून आल्या होत्या.

मला झोक्यावर बसू दिलं नाही. रस दिला, पण एकच वाटी.

आजी मात्र या सगळ्यात कधी पडली नाही. तिनं एकदाच रिपोर्ट उलटा धरून बघितला आणि म्हणाली, "पोटले काय कॅलेंडर कळस का वं?"

आजीचं ठीक आहे. मला कॅलेंडर बघावंच लागतं. नोकरीत बाळंतपणाची रजा 26 आठवडे, त्यातली बाळंतपणाआधी फार तर आठ. इथं कूलरसमोर घालवलेला एकेक दिवस पुढं बाळाच्या वाट्यातून कापला जातो. पुण्यात नवऱ्याच्या ऑफिसच्या फॉर्ममध्ये तारखेसाठी एकच रकाना आहे. 37 ते 42 आठवड्यांच्या मध्ये कधीही, असं त्यात लिहिता येत नाही. त्यानं 7 मे धरून रजा टाकली, जळगावचं रिझर्व्हेशन केलं, आला, आठवडाभर शेवभाजी आणि भरीत खाल्लं, आणि माझ्याआधी त्याचंच पोट दिसायला लागलं. रोज रात्री साहेबांचा मेसेज, "काही बातमी?"

आता 7 मे उलटून गेली. आज डॉक्टरांनी बाळाचे ठोके बघितले, त्याच्याभोवतीचं पाणी बघितलं, दोन्ही छान आहेत म्हणाल्या. "पण उद्या 41 आठवडे पूर्ण होतात. सकाळी दाखल व्हा, कळा आणू."

घरी येऊन हे सांगितल्यावर पहिला प्रश्न धुळ्याच्या आत्यांचा, फोनवरून: "पण ताज्या रिपोर्टात तर 18 आहे ना? मग घाई कशाला?" तो रिपोर्ट खरा धरला असता तर मी आणखी दीड आठवडा निवांत वाट बघत बसले असते, हे त्यांना समजावता समजावता फोनचं चार्जिंग संपलं.

दुसरा आक्षेप आजीचा, आणि त्याला उत्तर नव्हतं. उद्या बुधवार. जाशील बुधी तर येशील कधी! लेकीला बुधवारी घरातून पाठवायचं नाही. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडं आहे, आम्ही चालत जाऊ शकतो, हे मी सांगून पाहिलं. आप्पांनी सांगून पाहिलं. नवऱ्यानं तोंड उघडलं, पण तो जावई, त्याला चहा देऊन बसवलं.

शेवटी तोडगा आईनं काढला. मंगळवार संपायच्या आत माझी दवाखान्याची पिशवी शेजारच्या काकूंकडं प्रस्थान म्हणून नेऊन ठेवायची. म्हणजे मी आजच निघाले, उद्या फक्त पोचणार. आजीला पटलं. पिशवी गेली. तिच्यात दुपटी, टोपडी, माझा गाऊन आणि डिंकाच्या लाडवांचा डबा आहे. काकूंचा नातू सुट्टीला आलाय. सकाळपर्यंत डबा भरलेला राहिला म्हणजे मिळवली.