आधी दीप्तांश सांगा, मग क्रांती सांगा

१२ जानेवारी २०२० ला शनी-प्लूटोची युती झाली, म्हणजे दोघं राशिचक्रात एका अंशावर आले, आणि दोन-अडीच महिन्यांत अख्खं जग घरात बसलं, हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की आता ते पंचांगातच छापून येईल असं वाटतं. खोटं कशाला बोलू, तेव्हा मीपण हरखले होते. मला हा नाद जुनाच आहे, एफिमेरिस, म्हणजे ग्रहस्थितीची कोष्टकं, उघडून बसले की तास कसा जातो कळत नाही. त्यामुळे ग्रहांच्या योगांवरून युद्धं आणि क्रांत्या सांगणाऱ्यांबद्दल पुढे जे लिहितेय ते टिंगल म्हणून वाचू नका, घरातलंच भांडण आहे हे.

तर शनी-प्लूटो. मेदिनीय ज्योतिषवाले, म्हणजे देशांचं आणि जगाचं भविष्य सांगणारे, यादी देतात, १९१४ ला युती आणि पहिलं महायुद्ध, ११ ऑगस्ट १९४७ ला युती आणि चार दिवसांत फाळणी, मग २०२०. अंगावर काटा येतो ना? पण मधली १९८२ ची युती आली की सगळे जरा खोकतात. ब्रिटन-अर्जेंटिनाचं फॉकलंडचं युद्ध काढतात, पण महायुद्ध आणि फाळणीच्या रांगेत त्याला बसवायचं म्हणजे फारच ढकलावं लागतं. बरं १९१४ ची युती अंशात्मक, म्हणजे बरोब्बर एका अंशावर, झाली ऑक्टोबरमध्ये आणि युद्ध पेटलं जुलैच्या शेवटी, म्हणजे तिथे "दीप्तांशात होती", म्हणजे चालेल इतकी जवळ होती, म्हणायचं. १९३९ ला युतीच नव्हती, मग केंद्रयोग, म्हणजे ९० अंशांचं अंतर, धरायचा. १९१७ च्या रशियन क्रांतीला दोन्ही नाही, की लगेच प्लूटो बाजूला आणि नेपच्यून हजर!

सगळी गोम या दीप्तांशात आहे. दोन ग्रह बरोब्बर एका अंशावर यायची गरज नसते, आठ-दहा अंश अलीकडे-पलीकडे चालतात. आता तुम्हीच हिशोब करा. गुरु, शनी, हर्षल, नेपच्यून, प्लूटो हे पाच मंद ग्रह घेतले की त्यांच्या दहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीची युती, प्रतियोग (समोरासमोर, १८० अंशांवर) आणि दोन्ही बाजूंचे केंद्रयोग, असे चार बिंदू, प्रत्येकाला अलीकडे आठ पलीकडे आठ अंश, म्हणजे ३६० पैकी ६४ अंश झाले. ढोबळ गणित केलं तर कुठल्याही दिवशी आकाशात यातला एक तरी "कठीण" योग चालू असण्याची शक्यता ८५ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे इतिहासातलं कुठलंही बंड, दंगल, सत्तापालट काढा आणि वर बघा, काहीतरी सापडणारच. न सापडलं तरच नवल. आणि हे मंगळ, ग्रहणं, त्रिकोणयोग, षडाष्टक काहीही न धरता!

त्यात सायन-निरयनचा, म्हणजे राशी मोजायच्या पाश्चात्त्य आणि आपल्या पद्धतींचा, घोळ वेगळाच. ती २०२० ची युती पाश्चात्त्यांच्या हिशोबाने मकरेत, म्हणजे सत्ता, सरकार, व्यवस्था हादरणार. आपल्या निरयन पद्धतीने तीच युती धनु राशीत, कारण शनी मकरेत गेलाच २४ जानेवारीला. म्हणजे धर्म आणि श्रद्धा हादरणार. दोघांनीही नंतर "बघा आम्ही म्हणालो होतो" केलंच. आणि प्लूटो तर १९३० पर्यंत कोणाला माहीतही नव्हता, त्याच्या कितीतरी आधीच्या बृहत्संहिता या ज्योतिषग्रंथात वराहमिहिर भेद, उल्लेख, अंशुमर्दन, अपसव्य अशी ग्रहयुद्धाची, म्हणजे दोन ग्रह अगदी जवळ येण्याची, चार रूपं देऊन त्यावरून राजांचं आणि प्रदेशांचं भवितव्य सांगून मोकळा झाला होता, शनीच्या पुढचा एकही ग्रह न वापरता.

आता दुसरी बाजू, कारण काही गोष्टी मलापण अस्वस्थ करतात. पिएर दाई नावाच्या फ्रेंच कार्डिनलने १४१४ मध्ये गुरु-शनीच्या महायुत्या आणि शनीच्या फेऱ्या मोजून लिहून ठेवलं की जग तोपर्यंत टिकलं तर १७८९ साली मोठी उलथापालथ होईल. १७८९! पावणेचारशे वर्षं आधी! आंद्रे बार्बो या फ्रेंच ज्योतिषानेही १९५० च्या दशकातच शनी-नेपच्यूनच्या ३६ वर्षांच्या चक्रावरून सांगितलं होतं की सोव्हिएत साम्यवादासाठी १९८९ महत्त्वाचं. (१९१७ ला क्रांती, १९५३ ला स्टालिनचा मृत्यू, दोन्ही वेळी तीच युती.) हे मागाहून जुळवलेलं नाही, आधी लिहिलेलं आहे, म्हणून मी टोपी काढते. पण याच बार्बोने १९८० च्या सुरुवातीला मोठ्या युद्धाचा धोका सांगितला होता आणि ते झालं नाही, हे किती पोस्टमध्ये वाचलंत? दाईला त्याच सुमारास ख्रिस्तविरोधी (अँटिख्राइस्ट) अवतरेल असंही वाटत होतं, ते कोणी सांगत नाही. आणि शनी-नेपच्यून १८८२ लाही एकत्र आले होते, त्या युतीला कोणी विचारत नाही बिचारीला.

मला खरं खिळवून ठेवतं ते १५२४ साल. श्टोफ्लर नावाच्या जर्मन गणितज्ञाच्या १४९९ च्या पंचांगात होतं की फेब्रुवारी १५२४ मध्ये ग्रहांच्या वीस युत्या होणार, त्यातल्या सोळा जलराशीत. झालं! महापूर येणार, जग बुडणार म्हणून युरोपभर शंभराहून जास्त पत्रकं छापली गेली. फेब्रुवारी आला आणि गेला, प्रलय काही आला नाही. पण त्याच वर्षी उन्हाळ्यात जर्मन मुलखात शेतकऱ्यांचं बंड सुरू झालं, त्या काळातलं सगळ्यात मोठं. ज्योतिषी म्हणाले, पाणी म्हणजे माणसांचा लोंढा हो! सोयीचं आहे, मान्य. पण गंमत पुढे आहे. त्यातल्या एका पत्रकाच्या मुखपृष्ठावर १५२३ मध्येच चित्र छापलं होतं, मधे ग्रहांनी भरलेला मीन राशीचा मासा, एका बाजूला पोप आणि सम्राट, दुसऱ्या बाजूला शनीच्या मागे उभे हत्यारबंद शेतकरी. ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं त्यालाही हे चित्र वाचता येत होतं. वेठबिगारीने आणि खंडाने पिचलेल्या, जंगलात लाकूड तोडायला आणि नदीत मासे धरायला बंदी असलेल्या माणसाने ते चित्र बघितलं असेल तर त्याला काय वाटलं असेल? की आकाश आपल्या बाजूने आहे. १५२५ मध्ये त्यांनी बारा मागण्या मांडल्या, त्यात वेठ आहे, खंड आहे, जंगल आहे, ग्रह एकही नाही. बंड पोटातून आलं, पण धीर द्यायला शनी उपयोगी पडला असेल तर मला नवल वाटणार नाही.

आपल्याकडे १९६२ ची अष्टग्रही तशीच, ३ ते ५ फेब्रुवारी, मकरेत आठ ग्रह, वर सूर्यग्रहण. होमहवनं झाली, जग जिथल्या तिथे राहिलं. मग ऑक्टोबरात चीनचं युद्ध झालं आणि "फळ उशिरा मिळालं" असं ठरलं. आठ महिने उशीर चालत असेल तर मग बोलायलाच नको.

त्यामुळे आता माझी एकच अट असते, वादच घालायचा तर आधी लिहा. कुठला योग, किती दीप्तांश, सायन की निरयन, किती महिन्यांत, आणि काय घडलं तर तुमचं चुकलं म्हणायचं, हे पण. मी स्वतः एक वही केलीय, त्यात काहीच न घडलेल्या युत्यांचा रकाना वेगळा आहे आणि तो बाकीच्यांपेक्षा भराभर भरतोय. शनी-नेपच्यूनची २० फेब्रुवारी २०२६ ची नोंद आहे वहीत, आणि गुरु-शनीची पुढची, ३१ ऑक्टोबर २०४०. तिच्यापुढे दीप्तांश लिहिलाय चार अंश, पेनने.